सुरतेचा समुद्र आणि पाणबुड्याची राखीव हवा

सुरतेचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी ह्या शहराकडे आपला मोहरा वळविला, आणि तेव्हापासून सुरत म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर व्यापाऱ्यांच्या पेढ्या, मोगलांचा किल्ला आणि वखारींची दारे उभी राहतात. ज्या समुद्राने ह्या शहराला ते वैभव दिले, त्याच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. आणि तो समुद्र म्हणजे साधे प्रकरण नव्हे. तापीच्या मुखाशी वाळूचा बांध पडत असल्यामुळे मोठ्या जहाजांना थेट शहरापर्यंत येता येत नसे. ती सुमारे बारा मैलांवर असलेल्या सुवालीच्या आश्रयाला नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून शहरात जाई. १६०८ साली इंग्रजांचे ‘हेक्टर’ हे जहाज ह्याच किनाऱ्यावर आले, आणि १६१२ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज ह्यांची आरमारी झुंज झाली तीही ह्याच सुवालीपाशी.

ह्या पाण्याची प्रकृती समजल्यावाचून पुढील कथा समजावयाची नाही. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी ह्या चारही नद्या खंबातच्या आखातात आपला गाळ आणून ओततात. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा. तोंडाशी रुंद आणि आत अरुंद. त्यामुळे भरतीचे पाणी आत शिरताना चढत जाते, आणि भावनगरच्या बाजूस भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांच्या घरात पोहोचते. भारताच्या किनाऱ्यावर एवढी मोठी भरती दुसरीकडे पाहावयास मिळत नाही. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. तळाचा गाळ कधी स्वस्थ बसत नाही. पाण्यात उतरलेल्या माणसाला स्वतःचा पसरलेला हातही दिसू नये, अशी तेथील स्थिती असते.

ह्या गढूळ पाण्यातून इतिहासाचा एक मोठा वाद वर आला. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आखातात पाण्याच्या प्रदूषणाची पाहणी करीत असता, ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाची चित्रे घेणाऱ्या यंत्रावर काही रेखीव आकृत्या उमटल्या. २००१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या वतीने ही गोष्ट जाहीर करण्यात आली. सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या पश्चिमेस, वीस ते चाळीस मीटर पाण्याखाली, एखाद्या बुडालेल्या वस्तीचे अवशेष असावेत असा तर्क मांडण्यात आला. त्यानंतर तळाचा गाळ उपसून खापरांचे तुकडे, दगडी वस्तू, हाडे असे पुष्कळ साहित्य वर काढण्यात आले. त्यांतील एका लाकडाच्या तुकड्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले. हे खरे मानले, तर सिंधू संस्कृतीच्या नगरांहून कितीतरी प्राचीन असे नगर सुरतेच्या समोर समुद्राच्या पोटात झोपलेले आहे, असे म्हणावे लागते.

परंतु इतिहासकारांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी ह्या अनुमानावर जे आक्षेप घेतले, ते डोळ्याआड करण्यासारखे नाहीत. लाकूड प्राचीन असले म्हणून वस्ती प्राचीन ठरत नाही. ते एखाद्या जुन्या अरण्यातून नदीने वाहून आणलेले असू शकते. गाळात उपसलेली वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या स्थितीत पडलेली होती हे कळले नाही, तर तिचे निम्मे बोलणे गप्प झाल्यासारखेच आहे. जमिनीवरील उत्खननात पुरातत्त्वज्ञ मातीचा प्रत्येक थर कुंचल्याने झाडून मोजतो. येथे तर थर, जागा, शेजार सर्वच उपशात एकत्र झाले. आणि जेथे रोज एवढा प्रवाह धावतो, तेथे वस्तू मूळच्या जागी राहिली असेल ह्याची खात्री कोणी द्यावी? ध्वनिचित्रातील रेखीव आकृत्या मानवी हातच्या आहेत की प्रवाहाने घडविलेल्या, हा प्रश्नही तसाच राहिला.

अशा वादाचा निकाल लागावयाचा, तर माणसाने स्वतः तळाशी जाऊन, चाचपून, मोजून, नोंद करून परत येणे हाच मार्ग आहे. ह्याच गुजरातेत तसे घडल्याचे उदाहरण आहे. खंबातच्या आखाताच्या माथ्याशी असलेले लोथल १९५५ पासून ज्यांनी उकरले, त्या डॉ. एस. आर. राव ह्यांनी पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम उभे केले, आणि १९८० नंतरच्या दशकात द्वारकेच्या समुद्रात पाणबुडे उतरवून दगडी बांधकामे व नांगर ह्यांच्या नोंदी घेतल्या. भारतीय पुरातत्त्व खात्याचे पाणबुडे २०२५ साली द्वारकेत पुन्हा उतरले. द्वारकेचे काम पुष्कळसे किनाऱ्याजवळ आणि उथळ पाण्यात झाले. तेथे वर्षातील काही महिने पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते. सुरतेसमोरील पाणी खोल, अंध आणि वेगवान आहे. तेथे जाणाऱ्याला पहिला प्रश्न इतिहासाचा पडत नाही, हवेचा पडतो. बरोबर नेलेली हवा ऐन वेळी बंद पडली, तर दुसरा श्वास कोठून घ्यावयाचा?

हा प्रश्न मानवाला तीन शतकांहून अधिक काळ सतावीत आला आहे, आणि त्याच्या उत्तरांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १६९१ साली एडमंड हॅली ह्या इंग्रज ज्योतिर्विदाने, ज्याचे नाव धूमकेतूला मिळाले त्यानेच, थेम्स नदीत एक मोठी घंटा उलटी सोडून तिच्यातील हवेवर माणसे पाण्याखाली ठेविली. घंटेतील हवा दूषित होऊ लागली की शिसे लावून जड केलेल्या पिंपांतून ताजी हवा वरून खाली पाठविली जाई. पहिल्या साठ्यावाचून निराळा असा दुसरा साठा असावा, ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबे ह्याने पितळी शिरस्त्राणाचा बंदिस्त पोशाख सिद्ध केला. वर नावेवर माणसे पंप फिरवीत आणि नळीतून पाणबुड्याला हवा मिळे. बंदरे, पूल आणि बुडालेली जहाजे ह्यांवरील असंख्य कामे ह्या पोशाखाने केली. पण पाणबुड्याचा जीव एका नळीवर टांगलेला असे. नळी फुटली तर भोवतालच्या पाण्याचा दाब शिरस्त्राणातील हवा वर ढकली आणि आतल्या माणसाचा देह अक्षरशः पिळून निघे. हवा उलटी जाऊ न देणारी झडप बसविल्यावर हा धोका टळला. तरी झडपेने हवा थांबविता येते, नवी निर्माण करता येत नाही.

नळीची दुसरी मर्यादा १८८० साली सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात उघड झाली. बोगद्यात पाणी शिरले होते आणि आत सुमारे हजार फुटांवर असलेले एक लोखंडी दार बंद करावयाचे होते. तेवढ्या लांब नळी ओढीत नेणे अशक्य झाले. तेव्हा अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या हेन्री फ्लूस ह्याने तयार केलेले प्राणवायूचे सुटे उपकरण पाठीवर घेऊन, मिट्ट काळोखात, चाचपडत आत गेला आणि पुढच्या खेपेस त्याने ते दार बंद केले. काळोखात चाचपडत काम करणाऱ्या त्या माणसाची आठवण खंबातच्या आखाताच्या संदर्भात साहजिकच होते.

फ्रान्समध्ये त्याआधीच, १८६५ च्या सुमारास, रुकेरोल आणि देनेरूझ ह्या दोघांनी पाठीवर हवेची लोखंडी पेटी बांधण्याची युक्ती काढली होती. एरवी पेटीला वरून नळीने हवा मिळे. नळी सोडली तरी पेटीतील साठ्यावर पाणबुड्याला थोडा वेळ काढता येई. ज्यूल व्हर्नने १८७० च्या आपल्या प्रसिद्ध सागरी कादंबरीत कॅप्टन नेमोच्या लोकांच्या पाठीवर हेच उपकरण, आपल्या कल्पनेने सुधारून, चढविले. तो नेमो मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र, असे व्हर्नने १८७५ च्या दुसऱ्या कादंबरीत सांगितले, हे भारतीय वाचकास कौतुकाचे वाटेल.

ते स्वप्न प्रत्यक्षात आले १९४३ साली. झाक कुस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता ह्यांनी श्वास घेताच, भोवतालच्या दाबाइतकीच हवा सोडणारी झडप दाबाच्या टाकीला जोडली. तेव्हापासून माणूस समुद्रात खऱ्या अर्थाने मोकळा झाला. मालवण-तारकर्लीला आज हौशी प्रवासी पाठीवर टाकी घेऊन मासे व प्रवाळ पाहतात, त्याचे मूळ ह्या शोधात आहे. वरची नळी गेली आणि वरचा पंपवालाही गेला. हवा किती उरली ह्याची चिंता मात्र सर्वस्वी पाणबुड्याच्या वाट्याला आली.

प्रारंभीच्या ह्या उपकरणांना दाबमापक क्वचितच असे. म्हणून टाकीच्या तोंडाशीच राखीव हवेची व्यवस्था केली गेली. टाकीतील दाब सुमारे वीस वातावरणांपर्यंत उतरला की एक स्प्रिंग हवेची वाट अडवू लागे आणि श्वास जड होई. ही पाणबुड्याला सूचना. मग त्याने बाजूची कांब खाली ओढावयाची, म्हणजे उरलेली हवा मोकळी होई आणि तिच्यावर त्याने वर यावयाचे. युक्ती नामी, पण तिच्यात दोन दोष होते. कांब पोहताना कशाला अडकून आधीच खाली ओढली गेली असेल, तर राखीव हवा नकळत संपून जाई आणि ऐन प्रसंगी ओढावयास काही उरतच नसे. दुसरा दोष अधिक मूलभूत होता. राखीव हवा आणि नित्याची हवा एकाच टाकीत, एकाच झडपेमागे होत्या. झडपच बिघडली, तर दोन्ही एकदम नाहीशा.

पाण्याखाली वाचता येणारा दाबमापक सर्वत्र आल्यावर ती कांब मागे पडली. १९६० नंतरच्या दशकात एकाच टाकीला दुसरे मुखयंत्र जोडण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे एकाची हवा संपली तर सोबत्याच्या जादा मुखयंत्रातून त्याने श्वास घ्यावा. स्वच्छ पाण्यात ही व्यवस्था उत्तम चालते. जोडीदार हीच तेथे राखीव टाकी. परंतु ज्या पाण्यात जोडीदार हातभर अंतरावर असूनही दिसत नाही, तेथे त्याच्या भरवशावर राहणे म्हणजे अमावास्येच्या रात्री दुसऱ्याच्या कंदिलावर वाट चालण्यासारखे आहे. म्हणून गढूळ पाण्यात, गुहांत आणि बुडालेल्या जहाजांच्या पोटात उतरणारे लोक आपली स्वतःची, मुख्य टाकीपासून सर्वस्वी स्वतंत्र अशी लहान टाकी बरोबर नेऊ लागले.

ही लहान टाकी केवढी असावी? ह्याचे उत्तर आवडीनिवडीवर अवलंबून नाही. ते त्रैराशिकाने निघते. पाण्यात दर दहा मीटरांना एका वातावरणाचा दाब वाढतो. तीस मीटरांवर एकूण दाब चार वातावरणांचा होतो, म्हणजे तेथे घेतलेला प्रत्येक श्वास पृष्ठभागावरच्या चार श्वासांइतकी हवा खातो. शांत पाणबुड्याला पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटास पंधरा ते वीस लिटर हवा लागते. संकटात सापडलेल्याला तीस लिटर धरावी. आता तीस मीटरांवर मुख्य टाकी बंद पडली असे समजू. काय झाले हे कळून टाकी बदलण्यास एक मिनिट, त्याला १२० लिटर. मिनिटास नऊ मीटर ह्या सुरक्षित वेगाने पाच मीटरांपर्यंत येण्यास सुमारे २३० लिटर. रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून पाच मीटरांवर तीन मिनिटांचा विसावा, त्याला १३५ लिटर. शेवटच्या पाच मीटरांस आणखी वीस. एकूण बेरीज पाचशे लिटरांच्या थोडी पुढे जाते. तीन लिटर घनफळाची टाकी दोनशे वातावरणांपर्यंत भरली तर तिच्यात सहाशे लिटर हवा मावते. ती ह्या कामास पुरते. दोन लिटरांच्या टाकीत चारशेच लिटर. ती पंधरा मीटरांच्या बुडीस योग्य, तीसला अपुरी. खिशात मावणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत शंभर लिटर हवा असते. तीस मीटरांवर ती एक मिनिटही टिकत नाही. माणूस अधिक घाबरला आणि मिनिटास चाळीस लिटर हवा ओढू लागला, तर तीन लिटरांची टाकीही विसाव्यासह पुरणार नाही. विसावा सोडून सरळ वर येण्यापुरती मात्र ती पुरेल. म्हणून टाकी निवडताना आपण कोठवर उतरणार आहोत आणि संकटात आपण कसे वागू, ह्या दोन्हींचा प्रामाणिक अंदाज घ्यावा लागतो.

टाकी मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हे. तिला स्वतःची दाब उतरविणारी झडप हवी, स्वतःचे मुखयंत्र हवे आणि स्वतःचा दाबमापक हवा. ह्यांपैकी एक जरी वस्तू मुख्य टाकीशी सामाईक ठेवली, तरी स्वतंत्रपणाचा हेतू विफल होतो. मुख्य टाकीला पट्ट्यांनी आवळून ती पाठीवर नेता येते. पण मग तिची चावी हाताला लागेल अशी असली पाहिजे. कुशीला अडकवून पुढे घेतली, तर चावी, दाबमापक आणि मुखयंत्र ही तिन्ही दोन्ही हातांच्या आवाक्यात राहतात, आणि प्रसंगी ती टाकी काढून दुसऱ्याच्या हाती देता येते. मुखयंत्र गळ्याशी ठरलेल्या एकाच जागी अडकविलेले असावे. बुडीगणिक जागा बदलणे घातक. शिवाय त्याचा आकार किंवा स्पर्श मुख्य मुखयंत्राहून निराळा असावा. कारण ह्या लहान टाकीने घडविलेले अपघात पुष्कळदा एकाच चुकीतून घडतात: पाणबुड्या उतरताना चुकून राखीव मुखयंत्र तोंडात घेतो, मुख्य टाकी भरलेली पाहून निश्चिंत राहतो, आणि तळाशी पोहोचतो न पोहोचतो तोच त्याची हवा संपते. राखीव साठा असल्यामुळेच ओढवलेले हे मरण! पाण्यात शिरण्यापूर्वी दोन्ही मुखयंत्रांतून दोन दोन श्वास घेऊन, त्या वेळी कोणत्या दाबमापकाचा काटा हलतो हे पाहणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

टाकीची निगा हाही ह्या विषयाचाच भाग होय. दोनशे वातावरणांचा दाब पोटात घेऊन खाऱ्या पाण्यात वावरणारे भांडे आतून गंजले, तर ते हवेऐवजी मृत्यू साठवते. म्हणून ठरावीक काळाने पाण्याच्या दाबाने तिची कसोटी घ्यावी लागते आणि कसोटीचा शिक्का तिच्या खांद्यावर ठोकलेला असतो. भारतात अशा दाबाच्या भांड्यांसंबंधीचे नियम पाहणारी, स्फोटके व पेट्रोलियम सुरक्षेची केंद्रीय संस्था नागपुरास आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या ह्या शहराचा पाणबुड्याच्या श्वासाशी असा संबंध यावा, हा योगायोग गमतीचा खरा.

सुरतेच्या समुद्राचा आणि राखीव हवेचा संबंध केवळ पुरातत्त्वापुरता नाही. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ ह्या नौकेने मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढले. पुढे दक्षिण वसई क्षेत्रातील वायू समुद्रतळावरील नळाने हजिऱ्यास आणण्यात आला आणि तेथून तो उत्तर भारतापर्यंत गेला. असे नळ टाकणे आणि दुरुस्त करणे ही पाणबुड्यांची कामे. त्यांना वरून नळीने हवा मिळते. ती तुटली तर उपयोगी पडावी म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर सुटकेची टाकी असते. २०१२ साली उत्तर समुद्रात ख्रिस लेमन्स ह्या पाणबुड्याची नळी, वरचे जहाज जागेवरून सरकल्यामुळे, नव्वद मीटरांच्या आसपास तुटली. पाठीवरच्या टाकीत जेमतेम काही मिनिटांचा श्वास होता. सोबती अर्ध्या तासाहून अधिक वेळाने त्याच्यापर्यंत पोहोचले, आणि तो वाचला हे सर्वांनाच आश्चर्य वाटले. त्या काही मिनिटांत त्याने एक मोठे काम केले होते. काळोखात चाचपडत तो तळावरील लोखंडी सांगाड्यावर चढून बसला, म्हणून शोधणाऱ्यांना सापडला. राखीव हवा माणसाला शहाणपणाने वागण्यापुरती सवड देते. त्याहून अधिक काही ती देऊ शकत नाही.

खंबातच्या आखाताचे कोडे अद्याप सुटलेले नाही. ते सोडविण्यास उद्या जे तरुण संशोधक उतरतील, त्यांना भरती-ओहोटीच्या संधीवरील, पाणी क्षणभर स्थिर होणारा थोडासा वेळ मिळेल. एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने दगड चाचपावा लागेल. आणि तो दगड माणसाने घडविला की पाण्याने, हे बोटांनी ठरवावे लागेल. अशा कामात घाई ही सत्याची वैरीण. हवेची धास्ती असलेला माणूस घाईच करणार. ज्याच्या कुशीला नीट मोजलेली, नीट तपासलेली, आपल्या हाताने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलेली दुसरी टाकी आहे, त्याचेच चित्त थाऱ्यावर राहील आणि त्याचीच नोंद विश्वासास पात्र ठरेल. नवा पुरावा ती साडेनऊ हजार वर्षे सिद्ध करो वा खोटी ठरवो, तो आणणारा माणूस सुखरूप वर आला पाहिजे. कारण तळावर काय होते हे सांगणारा दुसरा साक्षीदार तेथे असणार नाही.